निकितीनची दुआ कोणत्या भाषेतली?

अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याची हकिकत आम्ही आजवर दोन ठिकाणी सांगितली आहे. पहिल्यांदा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, एका जुम्याच्या दुपारी. सगळे ऐकून घेतल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "मग शेवटी त्याने कलमा पढला की नाही?" दुसऱ्यांदा एका वाचनालयातल्या छोट्या बैठकीत. तिथे एका गृहस्थांनी तितक्याच आस्थेने विचारले, "मग तुमच्या खानाच्या तावडीतून तो बिचारा सुटला कसा?" प्रश्न विचारणारी दोन्ही माणसे भली आहेत. 'तुमच्या' हा शब्द त्या गृहस्थांच्या तोंडून सहज गेला, आणि आम्हीही तो सहज घेतल्यासारखे दाखवले. घरी आल्यावर मात्र तो शब्द बराच वेळ मनातून जाईना.

वास्तविक हे दोन प्रश्न वरवर उलट दिसतात, पण आतून एकच आहेत. माणूस शेवटी कोणाच्या बाजूला मोजायचा, एवढेच त्यांना हवे आहे. निकितीनच्या लेखनाची जी वाचने आमच्या पाहण्यात आली, त्यांतली बरीचशी याच मोजणीत अडकलेली आहेत. आमचे म्हणणे असे की, या लेखनाचे मर्म मोजणीत नाही, भाषेत आहे. तो काय लिहितो याबरोबरच ते कोणत्या भाषेत लिहितो, हे पाहिल्याशिवाय त्याचे लेखन हाती लागत नाही. आणि त्या बाबतीत उर्दूची आणि मराठीची सोबत असलेल्या वाचकाला थोडी जवळची वाट मिळते.

आधी थोडक्यात हकिकत. निकितीन हा व्होल्गा नदीकाठच्या त्व्येर शहराचा. हे शहर त्या काळी मॉस्कोपासून वेगळे, स्वतंत्र संस्थान होते. १४८५ साली ते मॉस्कोने ताब्यात घेतले. निकितीन माल घेऊन व्होल्गेतून खाली निघाला तो काकेशसकडच्या शिरवानला व्यापार करायला. हिंदुस्थान त्याच्या मनातही नव्हता. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याची गलबते लुटली. बरोबरीच्या ज्यांचे घरी काही शिल्लक होते, ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते, त्यांना परतायला तोंड नव्हते. निकितीन त्या दुसऱ्यांपैकी असावा, असे त्याच्या पुढच्या वाटेवरून वाटते. तो दरबंद, बाकू असे करत इराणात उतरला, साऱ्या, काशान, यज्द, लार ही गावे करत होर्मुज बंदराला आला, आणि तिथून घोड्यांच्या गलबतातून मस्कत, गुजरात, खंबायत करत आपल्या कोकणच्या चौल बंदरात उतरला. जुन्या हिशेबाप्रमाणे ते साल १४६९. नंतरच्या अभ्यासकांनी तारखा पुन्हा तपासून ते १४७१ धरले. कोणताही हिशेब घेतला तरी वास्को द गामा कालिकतला पोहोचला (१४९८) त्याच्या पाव शतकाहून अधिक आधीची ही गोष्ट आहे.

चौलहून पाली, उमरी असे करत तो जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, मग बहमनी सुलतानांच्या राजधानीत, बीदरला गेला. आळंदचा उरूस आणि घोड्यांचा बाजार त्याने पाहिला, श्रीशैलची यात्रा पाहिली, आणि काही वर्षांनी दाभोळ बंदरातून परतीचे गलबत धरले. गलबत वाट चुकून हबशांच्या किनाऱ्याला लागले. तिथून मस्कत, होर्मुज, शिराज, तबरीज, त्रेबिझोंद असे करत तो काळा समुद्र ओलांडून क्रिमियाच्या काफा बंदरात पोहोचला. पुढे स्मोलेन्स्क येण्याआधीच वाटेत वारला. त्याच्या हस्ताक्षरातल्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन राजाच्या एका कारकुनाकडे, वसीली मामिरेवकडे दिल्या. १४७५ सालाखाली त्या बखरीत नोंदल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन या इतिहासकाराला त्या एका मठाच्या जुन्या हस्तलिखितात सापडल्या, तेव्हा कुठे त्या जगापुढे आल्या. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने हे लेखन आज ओळखले जाते.

हे तीन समुद्र कोणते, ते निकितीन स्वतः सांगतो. कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र. पण नावे सांगताना रशियन 'मोरे' या शब्दाच्या जोडीला तो दुसरा शब्द ठेवतो. तो शब्द 'दोरिया'. दोरिया ग्वाल्हेरकडचा वाचक कदाचित नदी समजेल, कारण हिंदी-उर्दूत दर्या म्हणजे नदी. पण कोकणातल्या आमच्या दर्यावर्दी भावांना समजावून सांगायची गरज नाही. मराठीत दर्या म्हणजे समुद्रच, आणि त्या काळच्या फारसीतही तो अर्थ होता. त्व्येरचा एक माणूस सिरिलिक लिपीत दर्या लिहितो आणि रेवदंड्याचा माणूस तो शब्द जसाच्या तसा ओळखतो, इथून आमची या लेखनाशी ओळख सुरू झाली.

रशियन आम्हाला येते असा आमचा दावा नाही. रद्दीच्या दुकानात सोव्हिएत काळातले एक रशियन शिकवणारे जुने पुस्तक मिळाले. त्यावरून ३३ अक्षरे शिकलो आणि हिंदी व इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून मूळ मजकूर अडखळत वाचला. त्यात एक चमत्कारिक अनुभव आला. निकितीनच्या साध्या रशियन वाक्यांशी आमची ओळ-ओळ झटापट चाले. पण ज्या जागांवर रशियन वाचकाला तळटीप लागते, नेमक्या त्याच जागांवर आमची नजर ओळखीचे शब्द टिपत होती. कारण तिथे निकितीन रशियन सोडून तुर्की, फारसी आणि अरबीच्या मिश्रणात लिहितो. लिपी मात्र तीच, सिरिलिक. अल्लाहला तो 'ओल्लो' लिहितो, खुदाला 'खुदो'. रशियनमध्ये 'ह' हा उच्चार नाही. त्याच्या जागी 'ग' किंवा 'ख' येतो. त्यामुळे हिंदुस्थानचे 'गुंदुस्तान' होते, होर्मुजचे 'गुर्मिझ' होते, रहीमचे 'रागिम' होते. एकदा ही किल्ली कळली की कुलूप आपोआप उघडते. गंमत म्हणजे आजच्या रशियनमध्ये 'खुदो' या शब्दाचा अर्थ 'वाईट' असा आहे. भाषा न कळता नुसते अक्षर वाचणारा किती फसू शकतो, याचा हा नमुना समजावा.

रशियन भाषेत पूर्वेकडचे शब्द निकितीननेच नेले असे नाही. व्होल्गेचा सगळा बाजार शतकानुशतके तातार व्यापाऱ्यांचा होता, त्यामुळे तिथल्या रोजच्या बोलण्यात हे शब्द मुरलेले आहेत. आजही रशियन माणूस बाजाराला बझार म्हणतो, पेटीला सुंदूक, कोठाराला अंबार, तिजोरीला कझना, घरात घालायच्या सैल झग्याला खलात. हे शब्द संदूक, अंबार, खजिना आणि खिलअतच आहेत. प्रवासाच्या बॅगेला तो चेमोदान म्हणतो, त्यात फारसी जामादान लपलेले आहे. निकितीनने चौलच्या राजाच्या डोक्यावरचे आणि कमरेचे वस्त्र सांगताना 'फोता' हा शब्द वापरला. अरबी फूता, म्हणजे गुंडाळायचे कापड. तोच शब्द आज रशियनमध्ये नवरीच्या डोक्यावरच्या ओढणीसाठी राहिला आहे. जुन्नरला घोड्यांना हरभरे चारतात आणि त्यांच्यासाठी साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हे सांगताना तो 'किचिरी' लिहितो. पंधराव्या शतकातल्या रशियन मजकुरात खिचडी सापडावी, आणि तीही घोड्यासाठी, याचे आम्हाला हसू आले आणि बरेही वाटले.

आता निकितीनचे लेखन निर्दोष आहे असे नाही. तो पुनरुक्ती फार करतो. सैन्याचे आणि हत्तींचे आकडे ऐकीव आहेत आणि फुगलेले आहेत. ज्या घरावर बसेल तिथे मरण आणणारा पक्षी, फौज बाळगणारा माकडांचा राजा, असल्या ऐकलेल्या गोष्टी तो पाहिल्यासारख्या लिहून ठेवतो. हिंदूंशी त्याची जवळीक झाली, कारण आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत असे त्याने त्यांना सांगितल्यावर त्यांनी खाणेपिणे, पूजा, घरच्या बायका त्याच्यापासून लपवणे सोडले, असे तो सांगतो. तरीही त्यांच्या धर्माबद्दल त्याला कळले ते वरवरचेच. पण गरिबाचे उघडे अंग आणि सरदाराची चांदीची पालखी यांतला फरक त्याच्या नजरेतून सुटला नाही. बीदरच्या महालाच्या सात दरवाजांवर पहारेकरी आणि कारकून बसतात, कोण आत गेला आणि कोण बाहेर आला ते लिहून घेतात, हे त्याने टिपले. व्यापाऱ्याची नजर ती, जकात आणि दरवाजा आधी पाहणारच.

तो मुसलमानांसाठी 'बेसेरमेन' हा शब्द वापरतो. मुसलमान या शब्दाचेच हे घासलेले रूप आहे. पुढे रशियनमध्ये ते 'बसुरमान' झाले आणि परधर्मीयाला हिणवायची शिवी बनले. आपल्याकडे जुन्या मराठीतल्या यवन, अविंध या शब्दांचे जे झाले, तेच. निकितीन काही ठिकाणी तो शब्द साधेपणाने वापरतो आणि एका ठिकाणी त्याला कुत्र्यांची उपमा जोडून संताप काढतो. हिंदुस्थानात तुझ्या मुलखाला चालणारा माल भरपूर आहे, असे त्याला सांगितले गेले होते आणि प्रत्यक्षात मिरी आणि रंग तेवढे स्वस्त निघाले, त्यावर जकात जबर आणि समुद्रात चाचे. राग व्यापारातल्या फसवणुकीचा होता. पण शिवी धर्माच्या नावाने आली. हे आम्ही लपवू इच्छित नाही. आमच्या लोकांना हा माणूस फार आवडावा म्हणून ते पान उलटून पुढे गेलो, तर ती समीक्षा नव्हे, वकिली होईल.

तसेच जुन्नरचे प्रकरण. निकितीन सगळी पुंजी घालून एक उमदा घोडा समुद्रपार घेऊन आला होता. दख्खनमध्ये चांगल्या घोड्याला सोन्याची किंमत होती; घोडे होर्मुज, अरबस्तान, खुरासानातून येत. जुन्नरला तेव्हा असदखान हा वजीर महमूद गावानच्या हाताखालचा सरदार होता. हा परदेशी मुसलमान नाही, हे कळताच त्याने घोडा काढून घेतला आणि अट घातली. आमचा धर्म घेतलास तर घोडाही देईन आणि हजार मोहराही. नाही घेतलास तर घोडा जाईल आणि वर तुझ्याकडून हजार मोहरा वसूल करीन. चार दिवसांची मुदत दिली. ऑगस्टमधल्या एका ख्रिस्ती उपवासाचे ते दिवस होते.

वाचनालयातल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. खान आमचा होता का? नावाने होता. पण त्याने केले ते दीनच्या नावाने केलेली वसुली होती, आणि धर्मात बळजबरी कुराणाला मंजूर नाही, हे आमच्या सातवीतल्या मुलांनाही माहीत असते. त्या जबरदस्तीला जबरदस्ती म्हणण्यात आम्हाला कसलाच संकोच नाही. मात्र प्रश्न 'सुटला कसा' असा असेल, तर उत्तर पूर्ण ऐकायला हवे. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मुहम्मद नावाचा एक खुरासानी ख्वाजा तिथे आला. निकितीनने त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, याला धर्मांतराला लावू नका असे सांगून आला, आणि घोडाही परत घेऊन आला. निकितीन याला देवाचा चमत्कार म्हणतो. आम्ही ही गोष्ट अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. सांगणाऱ्यांना खान आठवतो. ख्वाजा बहुतेकांच्या सांगण्यातून गळून पडतो. जबरदस्ती करणारा मुसलमान लक्षात राहतो आणि ती मोडून काढणारा मुसलमान विसरला जातो, ही सवय निकितीनपुरती नाही, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

रशियन भाषा मात्र ख्वाजाला विसरलेली नाही. निकितीन त्याला 'खोझ्या' या शब्दाच्या रूपाने संबोधतो. हाच ख्वाजा तुर्कीतून रशियनमध्ये गेला आणि 'खज्याइन' झाला. घराचा मालक, यजमान, घरधनी या अर्थाने तो आज प्रत्येक रशियन माणसाच्या तोंडी आहे. घरमालकिणीला ते 'खज्यायका' म्हणतात. परक्या मुलखात अडकलेल्या पाहुण्याला सोडवणाऱ्याचे बिरुद त्या भाषेत यजमानासाठी राहावे, हा योगायोग असेल, पण गोड आहे. आणखी एक. निकितीन स्वतःही दख्खनमध्ये एका मुसलमानी नावाने वावरत होता, ख्वाजा यूसुफ खुरासानी. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

इथूनच अभ्यासकांचा वाद सुरू होतो. व्हिएन्नाला जाऊन राहिलेला मोठा रशियन भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कोय याने १९२६ साली या लेखनावर निबंध लिहिला. याला नुसती प्रवासाची टाचणे समजू नका, ही साहित्यकृती आहे, आणि तिच्या मध्यभागी परक्या श्रद्धांमध्ये एकट्या पडलेल्या ऑर्थोडॉक्स माणसाची धार्मिक वेदना आहे, असा त्याचा आग्रह होता. स्वतः देश सोडावा लागलेल्या माणसाला ते एकटेपण आधी दिसले, यात नवल नाही. उलट १९८९ साली गेल लेनहॉफ आणि जॅनेट मार्टिन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी व्यापाराच्या अंगाने विचार करून मांडले की, निकितीन बहुधा मुसलमान झाला असावा. तिसरे वाचन सिनेमाचे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वसीली प्रोनिन यांनी 'परदेसी' काढला. त्यात ओलेग स्त्रिझेनोव निकितीन झाला आणि नर्गिस चंपा झाली. दोन देशांच्या दोस्तीचा तो काळ होता. सिनेमाने प्रेमकथा दिली, जी मूळ लेखनात कुठेच नाही. प्रेमकथा आली आणि मूळ लेखनातले ते रोजे, ते हरवलेले सण, ती दुआ मागे पडली. अब्बास साहेबांबद्दल आम्हाला आदर आहे. पण हा सौदा महागात पडला असे आमचे मत आहे.

आता मूळ मजकुराकडे वळू. निकितीन रशियन सोडून दुसऱ्या भाषेत केव्हा जातो? आम्ही खुणा करत वाचले, तेव्हा तीन जागा दिसल्या. पहिली बाजाराची. ज्या वस्तूला, कपड्याला, हुद्द्याला रशियनमध्ये शब्द नाही, तिथे तो ऐकलेला शब्द ठेवतो. हे कोणताही प्रवासी करील. दुसरी जागा लाजेची. बाजारातल्या बायकांचे भाव तो सांगतो, तेव्हा तुर्कीचा पडदा ओढून घेतो. घरच्या भाषेत जे लिहिताना कानाला लागेल, ते परक्या भाषेत सोपे जाते. तिसरी जागा दुआची. सगळ्यात जास्त बोलकी हीच आहे.

लुटीत निकितीनची धर्माची पुस्तके गेली होती. ऑर्थोडॉक्स रशियनाचे वर्ष सणांवर चालते. निकितीनचेही तसेच चालत होते. जुन्नरचा पावसाळा त्याने त्रिनिटीच्या सणापासून मोजला, आणि त्याला 'हिवाळा' म्हटले. कारण चार महिने चिखलपाण्याने घरात कोंडून घालणारा ऋतू त्याच्या गावी हिवाळाच असतो. पण पुस्तके नाहीत, गावात चर्च नाही, बरोबर कोणी ख्रिस्ती नाही. ईस्टर कधी येतो हे त्याला कळेना. तो आसपासच्या मुसलमानांच्या ईदवरून आपल्या ईस्टरचा अंदाज बांधू लागला. बिचाऱ्याच्या लक्षात आले नसेल की, हिजरी साल दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते, त्यावर टांगलेला ईस्टर कसा टिकणार? बीदरला त्याने शेजाऱ्यांबरोबर महिनाभर उपवास धरला. मांस वर्ज्य, भाकरी आणि पाणी, आणि आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्याची प्रार्थना. त्या प्रार्थनेत तो देवासाठी असलेल्या रशियन 'बोग' या शब्दाला करीम आणि रहीम ही विशेषणे लावतो.

बीदरलाच एका मुसलमान अमलदाराने त्याला धर्म घेण्याचा आग्रह केला. निकितीनने उत्तर दिले ते असे की, तुम्ही नमाज पढता, मीही माझी प्रार्थना करतो. तुमच्या वेळा पाच, माझ्या तीन. त्यावर तो अमलदार म्हणाला की, तू मुसलमान दिसत नाहीस हे खरे, पण ख्रिस्ती धर्मही तुला धड माहीत नाही. हे वाक्य निकितीनला लागले. त्यानंतरच्या ओळींत तो स्वतःवर रडतो, आपली वाट चुकली म्हणतो. मुसलमान होऊन सुखी झालेला माणूस असा रडत नाही. आणि आपल्या श्रद्धेवर घट्ट उभा असलेला माणूस परक्या भाषेत अशी दुआ मागत नाही. म्हणून आम्हाला दोन्ही निकाल घाईचे वाटतात.

सगळ्यात महत्त्वाची जागा आणखी वेगळी आहे. जगातले निरनिराळे मुलूख मोजून झाल्यावर निकितीन आपल्या रशियन भूमीसाठी दुआ मागतो. रशियन माणूस, रशियासाठी दुआ, आणि ती पूर्ण तुर्की-फारसी मिश्रणात. तिचा मतलब असा की, देव त्या भूमीला सांभाळो, तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत. ती भूमी आबाद होवो आणि तिथे न्याय नांदो. 'आबादान' हा शब्द तिथे आहे. सरदारांसाठी 'बेग' आहे. शेवटी तो देवाला चार नावांनी हाका मारतो, अरबी, फारसी, रशियन आणि तुर्की. अल्लाह, खुदा, बोग, तेंग्री.

हे असे का? काही जण म्हणतात, राजाच्या माणसांना कळू नये म्हणून. सरदारांवर टीका उघड लिहिणे धोक्याचे, हे कारण आम्हाला काही अंशी पटते. पण मग अन्यायाची ओळ तेवढी तुर्कीत पुरली असती. प्रेमाची ओळ का लपवायची? आमचा स्वतःचा अनुभव वेगळे सांगतो. आम्ही घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दूत शिकवतो, बँकेत आणि तहसीलमध्ये मराठीत भांडतो, आणि हा लेख मराठीत लिहितो आहोत. दुःख आले की कोणती भाषा तोंडात येईल ते आम्ही ठरवत नाही. ज्या भाषेत बरीच वर्षे मीठ-भाकर मागितली, त्या भाषेत हळूहळू देवाकडेही मागणे सुरू होते. निकितीनच्या वह्यांत भाषेने कूस बदलली, ती अशी. ती फितुरी नव्हती, सांकेतिक लिपीही नव्हती. दख्खनच्या रस्त्यांनी एका परक्याला बोलण्यासाठी जी भाषा दिली, तिच्यातच त्याने मन मोकळे केले.

या भूमीत हे नवीनही नव्हते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपला 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, शहामुनींनी 'सिद्धांतबोध' मराठीत लिहिला. त्यांच्या नावावरून त्यांची भाषा आणि भाषेवरून त्यांचा धर्म मोजायला बसलेली माणसे पुढे हैराणच झाली. निकितीनचा आणि त्यांचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. काळ वेगळा, वाट वेगळी. पण भाषेला धर्माचा दाखला समजू नये, एवढा धडा दोन्हीकडे सारखा आहे. आम्हाला तो रोज उपयोगी पडतो. उर्दू शाळेचा शिक्षक इतके चांगले मराठी कसे लिहितो, असे कौतुक आमच्या वाट्याला वारंवार येते, आणि ते कौतुक करणाऱ्याच्या लक्षात येत नाही की त्यात एक मोजणी लपलेली आहे.

वह्यांचा शेवट सर्वांना माहीत व्हायला हवा. परतीच्या वाटेवर, काळा समुद्र ओलांडून झाल्यावर, निकितीन दीर्घ प्रार्थनेने लेखन संपवतो. ती बिस्मिल्लाहने चालते, त्यात अल्लाहची नावे एकामागून एक येतात, आणि त्यातच हजरत ईसा यांचे नाव रूहुल्लाह या लकबासह येते. आमचे ज्येष्ठ सहकारी या जागेवर खूश झाले होते. बघा, म्हणाले, आपलाच होता. आम्ही अदबीने त्यांना एवढेच म्हटले की, हजरत ईसा आपल्याकडेही पैगंबर आहेत आणि त्याच्याकडे तर सर्वस्व. दोन्ही घरांत चालेल असे एक नाव त्याने आपल्या दुआत ठेवले. ते त्याचे राहू द्यावे. आपल्या यादीत आणखी एक नाव वाढवण्याची इस्लामला गरज नाही, आणि समीक्षेला तर मुळीच नाही.

आज त्व्येरला व्होल्गेच्या काठावर निकितीनचा पुतळा आहे. तो १९५५ साली उभारला गेला. इकडे रेवदंड्यालाही त्याचा स्मारकस्तंभ आहे. कोकणातल्या वाचकांनी सवडीने पाहावा. दोन्हीकडे त्याला दोन देशांमधला पूल म्हणतात, ते ठीकच आहे. पण पुलाला स्वतःला काय वाटत होते, ते त्या वह्यांतच आहे, आणि ते वाचण्यासाठी दर्या, आबाद, ख्वाजा, करीम हे शब्द ओळखीचे असणारा वाचक लागतो. हे काम आपल्यापैकी कोणीतरी हाती घ्यावे. मूळ रशियनवरून, परभाषेतल्या जागा मूळ रूपात जपून, टीपा देऊन केलेला मराठी अनुवाद पाहण्याची आमची इच्छा आहे. रशियन शिकणारे मराठी विद्यार्थी आहेत, उर्दू-फारसी जाणणारे मराठी लेखक आहेत. दोघांनी एका टेबलाशी बसण्याचाच प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आम्ही सातवीच्या मराठीच्या तासाला फळ्यावर काही शब्द लिहिले. एका रकान्यात रशियन उच्चार देवनागरीत, शेजारी उर्दू, शेजारी मराठी. बझार, सुंदूक, अंबार, कझना. मुलांनी पटापट ओळखले आणि 'सर, रशियन तर सोप्पी आहे' असे जाहीर करून टाकले. मग निकितीनची हकिकत सांगितली. घोडा, खान, ख्वाजा, खिचडी, रोजे, ईस्टर, दुआ. तो मुसलमान झाला का, असे कोणी विचारले नाही. खान कोणाचा, असेही नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, मग तो घरी पोचला का?"

नाही बेटा, आम्ही म्हणालो, तो वाटेतच वारला. त्याच्या वह्या तेवढ्या पोचल्या.